भक्ष्य-झुरळांची वसाहत : स्थापना, संवर्धन आणि गृहशांती

भक्ष्य-झुरळ म्हणजे दुसऱ्या प्राण्याला जिवंत खाऊ घालण्यासाठी मुद्दाम पाळलेले झुरळ. आणि वसाहत म्हणजे अशा झुरळांचा नर, माद्या व पिल्ले मिळून झालेला, स्वतःची संख्या स्वतःच वाढवणारा समूह. दुसरी व्याख्या परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांना परिचित आहे, कारण ती पूर्ण करणारे समूह ओट्याखाली, मोरीच्या जाळीत आणि शेगडीमागे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. नवे आहे ते इतकेच, की ज्या घरात बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या करून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या जातात, त्याच घरात आता झुरळ जगावे म्हणून गाजर किसले जाते. या शास्त्राचा मूळ सिद्धांत आरंभीच नोंदवलेला बरा : नको असलेले झुरळ कशानेही मरत नाही आणि हवे असलेले झुरळ कशानेही मरते. पुढील सर्व सूचना या सिद्धांतापुढे हात टेकूनच केलेल्या आहेत.

वसाहत कोणासाठी, हा प्रश्न डबा विकत आणण्यापूर्वी सुटला पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा, आणि परभणीचे कृषी विद्यापीठही १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले. म्हणजे पिकावरची कीड कशी आवरावी हे शिकवणारी संस्था आणि कीड खाणाऱ्या प्राण्यांना घरात कोंडू नये हे बजावणारा कायदा, दोन्ही एकाच वर्षी, तेही दुष्काळाच्या, पदरात पडले. या कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत घातली आहे आणि स्टार कासवालाही संरक्षण दिले आहे, त्यामुळे बांधावर सापडलेला जीव घरी आणून त्याला झुरळे चारणे हे प्राणिप्रेम ठरत नाही, गुन्हा ठरतो. परदेशी प्राण्यांचेही आता मोकळे रान राहिलेले नाही. ज्या प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या कराराने नियंत्रित केला आहे, त्यांच्या मालकांनी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावयाची आहे.

नोंदणी झाली तरी प्राणी झुरळ खातो की नाही, हे पाहणे उरतेच. हिरवा इग्वाना दिसायला उग्र असला तरी शुद्ध शाकाहारी आहे, आणि त्याच्यासाठी झुरळांचा संसार थाटणे म्हणजे वारकऱ्यासाठी मटणाचा बेत करण्यासारखे आहे. बॉल पायथन हा अजगर उंदरांवर जगतो व झुरळाकडे ढुंकूनही पाहत नाही. उरतो तो मुख्यतः बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा, जो भाजीही खातो आणि झुरळही, आणि म्हणून मराठवाड्यातील कोणत्याही पंगतीत सहज सामावू शकेल.

प्रजातीची निवड करताना घरच्याच झुरळाने काम भागेल, असा मोह होतो. पेरिप्लॅनेटा अमेरिकाना हे त्याचे शास्त्रीय नाव. लिनियसने १७५८ मध्ये त्याला अमेरिकेचे नाव दिले, मूळ मात्र आफ्रिकेतले. अकरावीच्या जीवशास्त्रात त्याचे तेरा कप्प्यांचे हृदय पाठ केलेल्यांना हेही आठवत असेल, की मादी एका अंडपेटीत चौदा ते सोळा अंडी घालते आणि पिल्लू सुमारे तेरा वेळा कात टाकल्यावर प्रौढ होते. एवढी कात टाकून होईपर्यंत सरडा वाट पाहत नाही. शिवाय हे झुरळ काचेवर चढते, उकाड्यात उडते आणि आदल्या रात्री कोणत्या घरची बोरिक गोळी खाऊन आले याचा पत्ता लागू देत नाही. म्हणून जगभरचे सरडेपालक डुबिया, म्हणजे ब्लाप्टिका डुबिया, या दक्षिण अमेरिकी जातीला पसंती देतात. ते गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाही, त्याच्या मादीला पंखांचे नुसते खुंट असतात, आणि अंडी पोटातच उबवून ती एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्ले देते. अडचण अशी, की परदेशातून जिवंत कीटक आणायचे तर वनस्पती संगरोध आदेश २००३ खाली परवानगी लागते, तेव्हा ‘ओळखीतून मिळाली’ या उत्तरावर समाधान न मानता विक्रेत्याकडे झुरळांच्या कुळाची कागदपत्रे मागावीत. सातबारा मागताना जो आवाज लावतात तोच लावावा.

यानंतरचा टप्पा गृहसंमतीचा. यात जितक्या वसाहती बुडतात तितक्या थंडीने, मुंग्यांनी आणि बुरशीने मिळूनही बुडत नसाव्यात. मराठीत एखादा विचार मनातून झुरळासारखा झटकून टाकतात, यावरूनच या प्राण्याची घरातली पत कळते. घरातील ज्येष्ठ स्त्रीला ‘डब्यात काय आहे’ हे डबा उघडण्यापूर्वी सांगावे, उघडल्यानंतर सांगण्यासारखे काही उरत नाही. डबा स्वयंपाकघरात, देवघराशेजारी किंवा धान्याच्या कोठ्यांच्या रांगेत ठेवू नये. विशेषतः झाकण सारखेच असल्यास. ‘ही ती झुरळं नव्हेत’ हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असूनही आजवर कोणत्याही आजींनी मान्य केल्याचे ऐकिवात नाही.

लोकांना वेड वाटते ते या जिल्ह्यात शास्त्र म्हणून रुळलेलेच आहे, हे येथे सांगणे भाग आहे. तुतीचा पाला तोडून रेशीम अळ्या वाढवणारा शेतकरी पहिल्या दोन अवस्थांतील अळ्यांना, ज्यांना चॉकी म्हणतात, कोवळा पाला बारीक चिरून घालतो, खोलीचे तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत राखतो, कीटकनाशकाचा वाससुद्धा आत येऊ देत नाही, आणि त्याला कोणी हसत नाही, कारण शेवटी जालन्याच्या बाजारात कोषांचा भाव होतो. कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांची रीत तर याहूनही जवळची आहे. तेथे कॉर्सायरा हा तांदळावरचा पतंग धान्याच्या भरडीवर मोठ्या निगुतीने वाढवतात, त्याची अंडी कार्डावर चिकटवतात, अतिनील प्रकाशात धरून आतला जीव निकामी करतात आणि मग ट्रायकोग्रामा या सूक्ष्म परोपजीवी कीटकाला त्यांत आपली अंडी घालू देतात. सुमारे वीस हजार अंड्यांचे असे ट्रायकोकार्ड पुढे बोंडअळीविरुद्ध कपाशीच्या पानाखाली लागते. खाणाऱ्यासाठी खाद्य पोसणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच. फरक एवढाच, की कॉर्सायराच्या डब्याला अनुदान मिळू शकते आणि झुरळांच्या डब्याला शेजाऱ्यांचा अर्ज.

डबा पन्नासेक लिटरचा, आतून गुळगुळीत असावा. वरच्या कडेला दोन बोटे रुंद व्हॅसलीनचा पट्टा द्यावा आणि झाकणाला खिडकी कापून बारीक जाळी बसवावी. आत तीस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावावेत, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि झुरळांना अंधाऱ्या गल्ल्या मिळतात. माती, भुसा काही घालू नये. उष्णतेचा भाग मात्र परभणीत अवघड आहे. डुबियाला वाढण्यासाठी तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते, वीसच्या खाली प्रजनन जवळपास थांबते, आणि येथे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, तर हिवाळ्यात विद्यापीठाच्या वेधशाळेत पाच अंशांखालच्याही नोंदी झालेल्या आहेत. म्हणजे सहा महिने ओल्या पोत्याच्या सावलीत आणि दोन महिने तापणाऱ्या गादीवर ज्याची सोय करावी लागते, त्याचाच चुलतभाऊ त्याच घराच्या गटारात बारमाही ठणठणीत असतो. त्यात वीज गेली की गादीही गार पडते.

आहारात ज्वारीचा कोंडा, गाजर, भोपळा, संत्र्याच्या फोडी चालतात; शिळी भाकरीही चालते, पण कोरडी, कारण ओलीला बुरशी येते. भाजी नीट धुवून घ्यावी, कारण फवारणीच्या हंगामात शेतावरून थेट आलेल्या पाल्याने संपूर्ण वसाहत एका रात्रीत उताणी पडू शकते. पाणी वाटीत ठेवल्यास पिल्ले बुडतात, म्हणून ओला कापूस ठेवावा. निदान या जिल्ह्यात कापसाची वानवा नाही. मुंग्यांसाठी, जुन्या घरात दुधाच्या जाळीच्या कपाटाला करत तसे, फळीच्या पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवाव्यात.

एका नरामागे तीन ते पाच माद्या ठेवून पहिले चार-पाच महिने एकही झुरळ काढू नये. सरडा उपाशी नजरेने डब्याकडे पाहत असताना हा संयम फार जड जातो आणि अर्ध्या वसाहती याच कसोटीवर नापास होतात. या काळात कधी ट्रेच्या खाचेत एखादे झुरळ दुधासारखे पांढरे, काळ्या डोळ्यांचे, जवळजवळ पारदर्शक दिसते. ते आजारी नसते. त्याने नुकतीच कात टाकलेली असते आणि काही तासांत ते पुन्हा तपकिरी होते. त्या वेळी त्याला हात लावू नये. संख्या वाढली की नाही, हे मोजण्याची सोपी पद्धत म्हणजे ट्रे स्टीलच्या परातीवर आपटणे : ज्वारी ओतल्यासारखा आवाज आला तर वसाहत स्थिरावली. परात मात्र यासाठी वेगळी घ्यावी आणि तिच्यावर तसे ठळकपणे लिहून ठेवावे.

खाऊ घालताना झुरळ सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसावे. आदल्या दिवशी त्याला पौष्टिक पाला चारावा, कारण झुरळाच्या पोटात जे असते तेच सरड्याच्या पोटात जाते. झुरळात कॅल्शियम कमी व फॉस्फरस अधिक असल्याने त्याला कॅल्शियमच्या पुडीत घोळूनच द्यावे, अन्यथा सरड्याची हाडे मऊ पडतात आणि जबडा रबरासारखा वाकतो. डबा साफ करताना तोंडाला फडके बांधावे, कारण झुरळांच्या विष्ठेच्या आणि कातीच्या धुळीने दमा चाळवतो.

वसाहत बंद करावयाची वेळ आली तर झुरळे नाल्यात, शेतात किंवा शेजारच्या अंगणात मुळीच सोडू नयेत. डब्यातील सर्व जीव पिशवीत बांधून किमान दोन दिवस फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत आणि मगच कचऱ्यात टाकावेत. पिशवीवर चिठ्ठी लावावी, आणि त्या कप्प्यात आधीपासून ठेवलेले मटार दुसरीकडे हलवून घ्यावेत.