चौकटीत पुढे कोण?

गद्यात लेखकाला लपायला जागा असते. ‘एक मुलगा होता’ एवढं लिहिलं की भागतं. त्याचा वर्ण कसा, केस कसे, घर चाळीत की बंगल्यात, हे वाचणाऱ्यानं आपापल्या परीनं भरून घ्यायचं. चित्रकादंबरीत ही सोय नाही. चित्रकाराला पहिल्याच चौकटीत सगळं ठरवावं लागतं. नाक कसं, रंग कुठला, वर्गात पुढच्या बाकावर कोण आणि मागे कोण. पुढची दोनशे-अडीचशे पानं तो हाच निर्णय चौकटीमागून चौकटीत घेत राहतो.

म्हणून आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या चित्रकादंबऱ्यांत कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हातात पेन्सिल आहे, समोर रंग आहेत, तरीही एखादं मूल चित्रात आलं नाही, तर त्याला कुणीतरी वगळलेलं असतं. ‘लक्षातच आलं नाही’ ही सबब इथे चालणार नाही.

अमेरिकेत याची मोजदाद जुनी आहे. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ साप्ताहिकात लेख लिहिला. तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी हिशेबात घेतली होती. कृष्णवर्णीय माणूस निदान एकदा तरी दिसतो अशी पुस्तकं भरली ६.७ टक्के. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्रानं १९८५ सालची सुमारे अडीच हजार पुस्तकं मोजली. त्यांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती १८. याच केंद्राचे २०१८ चे आकडे पाहा. मुख्य पात्र गोरं असलेली पुस्तकं ५० टक्के. प्राणी आणि इतर पात्रांची २७ टक्के. आणि कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो, मूळनिवासी अशी सगळी मुलं एकत्र केली तरी २३ टक्के. ससे आणि अस्वलं या सगळ्या लेकरांच्या पुढे! ही बेरीज प्रत्येक प्रकाशकानं आपल्या टेबलासमोर लावावी.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ आली. जॉर्डन बँक्स हा न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीतला बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. त्याला चित्रं काढायची आहेत, कलाशाळेत जायचंय. आईबाबा त्याला घालतात एका महागड्या खासगी शाळेत, जिथे त्याच्या रंगाची मुलं मोजकीच. एवढीच गोष्ट. खून नाही, बंदूक नाही, तुरुंगात गेलेला बाप नाही. आईबाबा दोघंही घरात, दोघंही जीव लावणारे. शाळा, डबा, मित्र, खेळ आणि वही.

पण त्या साधेपणात क्राफ्ट काय काय पकडतात ते बघण्यासारखं आहे. जॉर्डन बसनं शाळेला निघतो. बस एकेक वस्ती मागे टाकत जाते आणि त्याचा अवतार बदलत जातो. स्वतःच्या वस्तीत डोक्यावर हुडीची टोपी आणि डोळ्यांवर गॉगल, म्हणजे कुणी वाटेला जाणार नाही. श्रीमंत वस्ती जवळ आली की टोपी खाली आणि गॉगल खिशात, म्हणजे कुणी त्यालाच घाबरणार नाही. ओळीनं मांडलेल्या त्या चौकटींत पोरगा तोच, भीतीची दिशा मात्र उलटी. गद्यात यासाठी पानभर समजावून सांगावं लागलं असतं आणि तरी दहा वर्षांच्या वाचकानं ते पान ओलांडलं असतं. इथे त्याला एका नजरेत कळतं.

दुसरा प्रसंग नावांचा. शिक्षिका जॉर्डनच्या मित्राला, ड्रूला, पुन्हा पुन्हा आधीच्या एका विद्यार्थ्याच्या नावानं हाक मारते. बाईंच्या लेखी काळी पोरं सगळी सारखीच. दोघं मित्र मग एकमेकांना मुद्दाम भलत्याच नावांनी हाका मारून हसतात. अपमान गिळायची ही पोरांची रीत ज्यानं भोगलीय त्यालाच अशी काढता येते.

आणि तिसरा प्रसंग पुस्तकांचाच. शाळेतल्या गोऱ्या मुलांना जादूची, साहसाची पुस्तकं सुचवली जातात. काळ्या मुलाच्या हातात मात्र वस्तीतल्या मारामाऱ्यांची आणि हालअपेष्टांची कहाणी. सुचवणाऱ्या बाईंना वाटतं, आपण त्याच्या जवळचं काहीतरी दिलं. क्राफ्ट यांनी इथे अचूक नेम धरला आहे. आणि या सदराचंही म्हणणं तेच आहे. उपेक्षित मुलाला पुस्तकात जागा देताना सोबत दुःखाचा शिधा सक्तीचा करू नका. त्याला ड्रॅगनवर बसू द्या. गणितात नापास होऊ द्या. मित्राशी फालतू कारणावरून अबोला धरू द्या. गोऱ्या मुलाला, सवर्ण मुलाला, धडधाकट मुलाला हे सगळं मागावं लागत नाही. याला का मागावं लागतं?

‘न्यू किड’ला २०२० चं न्यूबेरी पदक, अमेरिकन बालसाहित्यातला मानाचा पुरस्कार, मिळालं. १९२२ पासून दिलं जाणारं हे पदक चित्रकादंबरीला मिळाल्याची ही पहिलीच वेळ. चित्रांची पुस्तकं म्हणजे खरं वाचन नव्हे, असं म्हणत नाक मुरडणाऱ्यांना परीक्षकांनीच उत्तर दिलं.

तरीही २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळा-प्रशासनानं हे पुस्तक शेल्फवरून उतरवलं आणि क्राफ्ट यांचा मुलांशी ठरलेला ऑनलाइन संवाद पुढे ढकलला. काही पालकांनी अर्ज केला होता. हे पुस्तक वाचून गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल, यातून वंशाविषयीचा विशिष्ट सिद्धांत शिकवला जातोय, असं त्यांचं म्हणणं. समितीनं पुस्तक वाचून पाहिलं, आक्षेपार्ह काही सापडलं नाही, पुस्तक परत आलं, संवादही झाला. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार. आधी वाचलं असतं तर धोपटावी लागली नसती.

पण त्या आक्षेपाचा गाभा सोडून चालणार नाही, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. ‘आमच्या मुलांना वाईट वाटेल.’ ज्याला रोज चुकीच्या नावानं हाक मारली जाते त्याला काय वाटत असेल, हा विचार त्या वाक्यात कुठेच नाही. वर्गात दोन मुलं आहेत आणि काळजी एकाचीच. शिवाय मुलांना एवढं लेचंपेचं समजू नका. दुसऱ्याचं दुखणं समजलं म्हणून दहा वर्षांचं मूल मोडून पडत नाही. ते दुसऱ्या दिवशी बाजूच्या बाकावरच्या मुलाचं नाव नीट उच्चारतं.

दुसरा आक्षेप जरा सभ्य असतो. ‘गोष्ट चांगली हवी, बाकी सगळं दुय्यम.’ मान्य. मग सीसी बेल यांची ‘एल डेफो’ घ्या. २०१४ चं पुस्तक, २०१५ मध्ये न्यूबेरीचा सन्मान. चौथ्या वर्षी मेंदूज्वरानं लेखिकेची श्रवणशक्ती गेली, त्यानंतरचं हे बालपण. पात्रं सगळी सशांची. मघाशी सशांचा हिशेब मांडला, पण दोष सशांचा नसतो हे इथे दिसतं. लांबलचक कान मिरवणाऱ्या सशांच्या जगात हिचेच कान चालत नाहीत, हे प्रत्येक चौकटीत डोळ्यांसमोर राहतं. श्रवणयंत्राची बॅटरी उतरू लागली की संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, मग फुगा रिकामाच. ऐकू येणाऱ्या वाचकालाही त्या पानावर ऐकू येईनासं होतं. आणि याच यंत्रामुळे तिला शाळेत कुठेही असलेल्या बाईंचा आवाज ऐकू येतो, अगदी बाई स्वच्छतागृहात असल्या तरी! वर्गात तिचा भाव वधारतो. दयेचा एक थेंब नाही. वेगळं शरीर गोष्टीत आणलं म्हणून गोष्ट पातळ झाली नाही, उलट याच गोष्टीनं चित्रकथेला एक नवी युक्ती दिली.

आता प्रश्न पेन्सिल कुणाच्या हातात, हा. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढलेल्या दोन सोमाली भावांची गोष्ट व्हिक्टोरिया जेमिसन यांनी ‘व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड’मध्ये २०२० साली चितारली. त्या एकट्याच लिहायला बसल्या नाहीत. ज्याचं आयुष्य, तो ओमर मोहम्मद पुस्तकाचा सहलेखक आहे. धाकटा भाऊ हसन एकच शब्द बोलतो, त्याच्या भाषेतला ‘आई’ हा शब्द. हे बाहेरून सुचत नाही. दुसऱ्याची गोष्ट सांगायला कुणाला बंदी नाही, पण ज्याची गोष्ट त्याला शेजारी बसवा, नाव द्या, मानधन द्या.

हे झालं तिकडचं. आपल्याकडेही चित्रकथा कमी वाचल्या गेल्या नाहीत. १९६७ मध्ये सुरू झालेली ‘अमर चित्र कथा’ मराठी घरांत पोचली, पोरांनी सुट्टीत फडशा पाडला. पण त्या पानांवरचे रंग आठवा. देव आणि राजपुत्र बहुतेक गोरेपान, राक्षस काळेकभिन्न. सावळ्या महाराष्ट्रातली सावळी पोरं ते बघून स्वतःला कुठल्या बाजूला मोजत होती, हे आपण कधी विचारलं नाही. याच मालिकेत १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक आला, हेही नोंदवलं पाहिजे.

त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यावर २०११ मध्ये ‘भीमायन’ आलं. मूळ पुस्तक इंग्रजी, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी नेहमीच्या ठोकळेबाज चौकटी नाकारल्या, पात्रांना मोकळी जागा दिली. फुगेही त्यांचे त्यांनी घडवले. सोसणाऱ्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विटाळ मानणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं, कोण डसतंय.

त्यातला साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमाचा प्रवास पाहा. मूळ कहाणी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली, प्रसंगाचं साल १९०१. नवे कपडे, चमकदार टोप्या, आगगाडीत बसायचा हर्ष. मसूर स्टेशनावर पोरं उतरतात, न्यायला कुणी येत नाही. स्टेशनमास्तर आधी कळवळ्यानं चौकशी करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. पुढे कुणी त्यांची गाडी हाकायला तयार होत नाही, प्यायला पाणी मिळत नाही. हा प्रसंग जिव्हारी लागतो त्याचं कारण आधीचा तो आनंद. नव्या कपड्यांत मिरवणारी, वडिलांना भेटायला आसुसलेली साधी पोरं आधी दिसतात आणि मग त्यांच्यावरचा अन्याय. पोरं पोरांसारखी दिसली नाहीत, तर अन्यायाचं चित्र नुसतं पाठ्यपुस्तकातलं उत्तर होऊन बसतं.

आपल्या बालसाहित्यात नेमकं हेच हुकतं. दलित मुलगा दिसतो तो पुढे मोठा होणाऱ्या महापुरुषाचं बालपण म्हणून. आदिवासी मुलगी दिसते ती जंगल, नाच आणि वारली नक्षीच्या किनारीत. मुसलमान मित्र येतो ईदचा शीरखुर्मा घेऊन आणि डबा रिकामा झाला की गोष्टीतून निघून जातो. चाकाच्या खुर्चीतलं मूल येतं ते बाकीच्यांना जिद्द शिकवायला. तोंडी लावण्यापुरत्या या हजेऱ्या आहेत. गोष्ट त्यांची नसतेच.

मला हवी आहे पारधी वस्तीतल्या त्या पोराची चित्रकादंबरी, ज्याला शाळेच्या संघात यष्टिरक्षक व्हायचंय आणि झेल सुटतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहणाऱ्या, वर्गातल्या चोरीचा छडा लावणाऱ्या मुलीची. भिवंडीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात भुताच्या गोष्टी रचणाऱ्या बहिणींची. अहिराणी बोलतो म्हणून वसतिगृहात ज्याला हसतात त्या मुलाची, ज्याच्या फुग्यात अहिराणीच असेल आणि तळटीप नसेल. या गोष्टींत गरिबी असेल, जात असेल, धर्म असेल. ते आयुष्यातच आहे, ते कसं जाईल? पण गोष्ट पुढे ढकलणारं काम त्या मुलाच्या खोडीनं, हट्टानं आणि हुशारीनं केलं पाहिजे.

प्रकाशक खर्चाचं कारण सांगतील, आणि ते खोटं नाही. अडीचशे रंगीत पानं काढायला चित्रकाराचं वर्ष-दोन वर्षं जातात, छपाई महाग पडते. मग चौसष्ट पानांनी सुरुवात करा. काळ्यापांढऱ्यात काढा. क्राफ्ट यांनीही जॉर्डनच्या वहीची पानं काळीपांढरीच ठेवली आहेत, आणि ती पुस्तकातली सगळ्यात खट्याळ पानं आहेत. दिवाळी अंकांच्या बालविभागात सोळा पानांची चित्रकथा मावते. राज्यातल्या कलाशाळांमधून दरवर्षी गावोगावची मुलं चित्रकला शिकून बाहेर पडतात. त्यांना कथेसाठी विचारा, नुसतं मुखपृष्ठासाठी नको.

पालकांना आणि ग्रंथपालांना एकच काम सांगते. शेल्फवरची चित्रांची पुस्तकं काढा आणि पानं उलटताना एवढंच पाहा: सावळं, गरीब, अपंग किंवा दुसऱ्या धर्माचं मूल कुठल्या पानावर हसतंय? रडताना सापडेल, शिकवण देताना सापडेल. हसताना, खोडी काढताना, जिंकताना सापडलं नाही, तर पुढची खरेदी कशाची करायची ते ठरलं.

आणि हे सावकाशीनं करायचं काम नाही. आठ वर्षांचं मूल चार वर्षांत या पुस्तकांच्या वयातून बाहेर पडतं. आपण समित्या नेमून, चर्चासत्रं घेऊन, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची वाट बघेपर्यंत एक अख्खी पिढी स्वतःला पुस्तकात न बघताच मोठी होते. हे आजवर झालं तेवढं पुरे. या वर्षीच्या छपाईच्या यादीत या मुलांचं एक पुस्तक घाला, आणि मुखपृष्ठावर त्यांना पुढे उभं करा.