साधा कॅट आहे!

जेवणं आटोपली, ताटं उचलली गेली, मंडळी भिंतीला टेकून बडीशेप चघळायला लागली, की काही माणसांचा हात आपसूक खिशाकडे जातो. आमच्या धाकट्या मामाच्या खिशातून अशा वेळी पत्त्यांचा कॅट निघतो. तो निघाला की घरातल्या जाणत्या माणसांना कामं आठवतात. कोणाला गाडी सावलीत लावली का ते बघून यायचं असतं, कोणाला नेमका आत्ताच फोन करायचा असतो. उरतात ती लहान मुलं, नवा जावई आणि एखादी बेसावध मावशी.

“जावईबापू, एक पान काढा. कुठलंही. अगदी मनात येईल ते,” मामा पत्त्यांचा सुरेख पंखा उघडून म्हणतो. जावईबापू हात पुढे करतात. मामाचा चेहरा किंचित बदलतो. “अं... ते नको. दुसरं घ्या. कुठलंही.”

आणि मग कोणीही काही विचारलेलं नसताना तो ग्वाही देतो, “साधा कॅट आहे हां. बाजारात मिळतो.”

मामा उभा जन्म बँकेत कॅशियर होता. लहानपणी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग त्यानं पाहिला आणि तेव्हापासून त्याची बोटं स्वस्थ बसली नाहीत. नोटा मोजता मोजता ती इतकी तयार झाली, की बँकेतले लोक त्याच्या खिडकीसमोर उगाचच रेंगाळायचे म्हणे. हे ‘म्हणे’ त्याचंच आहे. निवृत्तीनंतर नोटा गेल्या, पत्ते उरले. टीव्ही बघताना, मामीशी भाजीच्या हिशेबावरून वाद घालताना, एकदा तर एका बारशात पाळण्याची दोरी धरलेली असतानासुद्धा दुसऱ्या हातात त्याचं एका हाताचं काटणं चालू होतं. पत्ते पाळण्यात पडले. बाळ तेवढं हसलं, बाकी कोणी नाही.

परवा माझ्या मुलीनं त्याला निष्पापपणे विचारलं, “मामाआजोबा, पत्ते बनवणाऱ्या कंपन्या जादूगारांसाठी वेगळे पत्ते काढतात का हो?” मामा मांडी घालून बसला. मामीनं नुकताच ठेवलेला चहा बंद केला. तिला अनुभव आहे.

“काढत नाहीत,” मामा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “आणि काढतातही.”

‘काढत नाहीत’ची बाजू त्यानं आधी घेतली. अमेरिकेत सिनसिनाटीला पत्त्यांची एक कंपनी होती, तिनं १८८५ साली ‘बायसिकल’ नावाचे पत्ते बाजारात आणले. १८८७ पासून त्यांच्या पाठीवर सायकलवर बसलेला देवदूत आहे, तो आजतागायत उतरलेला नाही. हे पत्ते कंपनीनं पत्ते खेळणाऱ्यांसाठी काढले, जादूगार तिच्या गावीही नव्हते. पण त्या पाठीला चहूबाजूंनी पांढरी किनार आहे. गड्डीत एखादं पान गुपचूप उलटं घातलं आणि पत्ते पसरले, तरी कडा पांढऱ्याच्या पांढऱ्या दिसतात, उलटं पान कळत नाही. पानांवर बारीक खळगे दाबलेले असतात, त्यांत हवा राहते आणि पानं एकमेकांवरून लोण्यासारखी सरकतात; याला मामा ‘फिनिश’ म्हणतो. पण मामाच्या मते खरी गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेत हा कॅट स्वयंपाकघरातल्या खणात, किराणा दुकानात, आजोबांच्या कोटात, कुठेही सापडतो. त्यामुळे जादूगारानं तो काढला की कोणाला संशय येत नाही. “जादूगाराला लागतो तो असा कॅट, की जो जादूगाराचा वाटत नाही!” मामानं मांडीवर थाप मारली.

मामाची सगळी शोकांतिका या एका वाक्यात आहे आणि ती त्याला अजून कळलेली नाही. सायकलवाला देवदूत अमेरिकेत घराघरांत असेल. डोंबिवलीत तो फक्त मामाकडे आहे. आपल्याकडचे रमीचे पत्ते बहुधा ब्रिजच्या मापाचे, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर रुंद. मामाचे पोकरच्या मापाचे, ६३ मिलिमीटरचे. तो ते ऐसपैस पत्ते बाहेर काढतो आणि मावशीचे डोळे लगेच बारीक होतात. “हे तुझे जादूचे पत्ते ना रे?” “साधा कॅट आहे अगं, बाजारात मिळतो!” “कुठल्या बाजारात?” यावर मामाला उत्तर नसतं. तिकडचे जादूगार ज्या कॅटामुळे सज्जन दिसतात, त्याच कॅटामुळे आमचा मामा भामटा दिसतो. आमच्या पत्त्यांनी जादू कर म्हणावं, तर ते अरुंद आहेत, चिकटतात, वास येतो, अशी त्याची तक्रार.

मग ‘काढतात’ची बाजू. तीच कंपनी त्याच देवदूताची पाठ दोन्हीकडे छापलेली पानं काढते, दोन्हीकडून चेहरे असलेली काढते, एका बाजूनं कोरी काढते. ती कुठल्याच खेळात चालत नाहीत. म्हणजे ती कोणासाठी काढतात ते सांगायला नको. शिवाय आख्खेच्या आख्खे करामती कॅट निघतात. एक असतो एका टोकाला केसभर निमुळता कापलेला. एक असतो ‘स्वेंगाली’, शंभर वर्षांहून जुना, परदेशात जत्राजत्रांतून विकला गेलेला. त्याबद्दल मामा बोलत नाही. तो बोलत नाही कारण ती त्याची व्यावसायिक निष्ठा, असं तो म्हणतो. खरं कारण एका दिवाळीत घडलं.

भाऊबीजेची दुपार होती. चार पोरं बदाम सात खेळायला बसली आणि मामाच्या कपाटातून मिळेल तो कॅट घेऊन आली. पिसायचा कंटाळा, म्हणून तसाच वाटला. “बदाम सत्ती कोणाकडे?” “माझ्याकडे!” “माझ्याकडे!” मग एकाच्या लक्षात आलं, की त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. तेराच्या तेरा बदाम सत्त्या. समोरच्याकडेही तेरा. उरलेल्या दोघांकडे एकही नाही. दोन मिनिटं नुसता आरडाओरडा. आत झोपलेला मामा धोतर सावरत पळत आला, “अरे, ठेवा ते, साधे पत्ते नाहीत ते!” म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांची ग्वाही एका वाक्यात गेली. तेव्हापासून आमच्याकडे कोणीही कुठलीही थाप मारली, की पोरं एकमेकांना हळूच म्हणतात, “बदाम सात.”

इथवर कोणाही हौशी जादूगाराची गोष्ट झाली. मामाचं प्रकरण पुढे गेलेलं आहे. आता अमेरिकेत थिअरी इलेव्हन, एल्युजनिस्ट अशा जादूवाल्यांच्याच कंपन्या आहेत, त्या नवनवे कॅट काढतात. सोनेरी वर्ख, उठावाचं नक्षीकाम, दागिन्याच्या डबीसारखी खोकी. त्यांच्या जाहिरातीत एक दाढीवाला तरुण अंधाऱ्या खोलीत पत्ते हवेत फिरवत असतो, जादू अशी काही करतच नाही. मामा ती जाहिरात पुन्हा पुन्हा बघतो. स्टार वॉर्सचा कॅट झाला, हॅरी पॉटरचा झाला. “त्याला पत्ते कशाला? छडी आहे ना त्याच्याकडे?” मामीनं विचारलं. कॅट येतो, कस्टमचे पैसे कधीकधी कॅटाच्या किमतीच्या वर जातात, पोस्टमन सही घेऊन मामीकडे सहानुभूतीनं बघतो. मामा खोकं नाकाशी नेऊन वास घेतो. आणि प्रत्येक कॅट तो दोन घेतो. एक उघडायला, एक न उघडायला.

“उघडायचा नाही तर घेतला कशाला, अहो?”

“जेरीज नगेट,” मामा गंभीरपणे म्हणतो.

हा मंत्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नॉर्थ लास वेगासमध्ये जेरीज नगेट नावाचा कॅसिनो. त्यानं १९७० साली पत्ते छापून घेतले आणि ते पुढे आपल्याच भेटवस्तूंच्या दुकानात किरकोळ पैशांत विकले. मग जादूगारांमध्ये बोलबाला झाला, की असे पत्ते पुन्हा होणे नाही, आणि एकेका न उघडलेल्या कॅटाला शेकड्यांनी डॉलर मिळू लागले. “म्हणजे तिकडे दुकानात धूळ खात पडले होते, ते आता आपल्या कपाटात खाणार,” मामी म्हणते. अर्थशास्त्र म्हणून मला तिचं म्हणणं अधिक पटतं.

मामाला आणखी एक दुःख आहे. २००९ साली सिनसिनाटीचा कारखाना ओहायो नदी ओलांडून केंटकीतल्या अर्लँगरला गेला. कंपनी तीच, देवदूत तोच. पण देवगडच्या आणि रत्नागिरीच्या हापूसवरून हातघाईवर येणारी माणसं असतात, तसा मामा डोळे मिटून पान अंगठ्यानं वाकवतो आणि जाहीर करतो, “केंटकी. ओहायोचं नव्हे.” २०१९ मध्ये कार्टामुंडी या बेल्जियन कंपनीनं तो सगळा कारभार विकत घेतला, त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मामीनं त्याच्या वाटची साबुदाणा खिचडी शेजारी दिली.

पात्यानं पानं कुठल्या बाजूनं कापली, यावरही त्याचं लक्ष असतं. त्यानं कडेला सूक्ष्म उतार येतो, आणि एकाआड एक पान गुंफून पिसताना कळतं. तुम्हाआम्हाला नाही, मामाला. इथे तो रिचर्ड टर्नर यांचं नाव घेतो आणि नाव घेताना कानाला हात लावतो. या अमेरिकी कलावंतांना डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांना इतकं कळतं, की पत्त्यांच्या त्याच कंपनीनं स्पर्शाच्या बाबतीत त्यांचा सल्ला घेतला. त्यांच्यावर २०१७ साली ‘डेल्ट’ नावाचा माहितीपटही निघाला. “बघ, कंपनी जादूगाराचं ऐकते!” मामा म्हणतो. बावन्न पानं अशी अचूक गुंफून, वरचं पान वरच ठेवून, आठ वेळा पिसली की पहिला क्रम जसाच्या तसा परत येतो. हे गणित खरं आहे, कागदावर करून बघा. मामा ते हातांनी करतो. सहाव्या खेपेला शिंक येते, किंवा सातव्या खेपेला मामी “भाजीला जाताय ना?” म्हणते.

जून लागला की हाल. पत्ते कागदाचे, डोंबिवलीची हवा ओली. पानं फुगतात, वाकतात, लोण्यासारखी सरकणारी गड्डी पापडाच्या लाटीसारखी चिकटून बसते. एका पावसाळ्यात मामीनं तांदळाच्या डब्यात माप घातलं आणि मापात देवदूत आला. “तांदूळ ओल ओढतात,” मामानं समजावलं. त्या रात्री भाताला नवी कोरी छपाईची चव होती, असं मामीनं महिनाभर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

या कंपन्या हुशार आहेत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ज्याला खरोखर जादू येते त्याला किती पत्ते लागणार? महिन्याला एखाददुसरा साधा कॅट झिजवेल बिचारा. धंदा चालतो तो ज्याला जादूगार असल्यासारखं वाटायचं आहे त्याच्यावर. जगातल्या जादूगारांसाठी त्या पत्ते काढतात की नाही यावर वाद होऊ शकेल; आमच्या मामासाठी काढतात यात शंका नाही.

आणि तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मामा ती स्वतः कधी सांगत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमी खेळणारा एक कंपू होता. गाडी मध्येच कुठेतरी अडकली, डबा वैतागला. मामानं त्यांचे पत्ते मागितले. पत्ते कसले, घामानं मऊ पडलेली फडकी. हरवलेल्या चौकट नव्वीच्या जागी जोकरवर बॉलपेननं ‘९’ लिहिलेलं. मामा तक्रारीचं एक अक्षर बोलला नाही. एका गृहस्थांनी मनापासून पान निवडलं, परत घातलं, स्वतः पिसलं, आणि ते पान शेवटी त्यांच्याच जेवणाच्या डब्याच्या पिशवीखाली निघालं. चौकट नव्वी. बॉलपेनची. डबा असा ओरडला, की पलीकडच्या डब्यातले लोक दारातून डोकावले. मी शेजारीच उभा होतो. ते पान तिथे कसं गेलं मला आजही माहीत नाही. ‘साधा कॅट आहे’ हे त्या दिवशी त्याला सांगावं लागलं नाही. पण घरी आल्यावर तो कौतुकानं फुलला असेल म्हणाल तर नाही. हात साबणानं दोनदा धुऊन तो म्हणाला, “छे! फिनिशच नव्हतं.”

तुमच्याही घरात असा कोणी असेलच. मामा नसेल तर काका असेल, जावई असेल, सोसायटीचा खजिनदार असेल. जेवणानंतर त्यानं पंखा उघडून “कुठलंही एक काढा” म्हटलं, तर गाडी बघायला जाऊ नका. पानं नीट बघा. त्यांतलं एक इतरांपेक्षा किंचित पुढे सरकवलेलं दिसेल. तेच घ्या.