काळोखावर दोन फोकस

आमच्या तालुक्याच्या माळावर नुकताच एक फलक उभा राहिला. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. मजकूर असा : ‘अंधार जपा, तारे वाचवा. या परिसरात रात्री दिवे लावण्यास सक्त मनाई आहे.’ ही मनाई रात्रीही वाचता यावी म्हणून फलकाच्या पायथ्याशी दोन फोकस बसवले आहेत. शंभर-शंभर वॅटचे, पांढरेफेक, आकाशाकडे तोंड करून.

फोकस सौर ऊर्जेवर चालतात. त्यामुळे तालुक्याची वीज गेली तरी त्यांची जात नाही. मध्यंतरी लाइनीत बिघाड झाला, पंचक्रोशी गुडूप झाली, घराघरांत मेणबत्त्यांची शोधाशोध सुरू झाली आणि त्या मिट्ट काळोखात कोसावरून एकच गोष्ट लखलखत होती : दिवे लावण्यास सक्त मनाई आहे.

चार शब्द वाचायला एवढा उजेड कशाला, असं कोणी विचारील. शब्दांसाठी तो नाहीच. शब्दांना तळाचा दीड फूट मिळालाय. वरचे साडेसहा फूट चेहऱ्यांचे आहेत. मध्ये एक मोठा चेहरा, फेट्यासकट, हात जोडून. त्याच्या दोन्ही अंगांना त्याहून लहान चेहरे. खालच्या ओळीत पासपोर्ट आकाराचं युवा नेतृत्व. त्यातला एक कानाला मोबाइल लावून, डोळ्यांना काळा गॉगल लावून उभा आहे. अंधाराच्या फलकावर गॉगल! त्या गर्दीत विषय समजलेला तो एकटाच असावा. तर फोकस आहेत ते या मंडळींसाठी. ते विझवले तर अंधार दिसेल, पण अंधार कोणाच्या संकल्पनेतून साकारला ते दिसणार नाही. आणि फेट्याच्या वरून निसटणारा झोत जातो तो थेट मृग नक्षत्राच्या पोटात.

या माळावर अंधार मुळात आणला कोणी? शाळेतले विज्ञानाचे गुरुजी, दुचाकी दुरुस्त करणारा एक तरुण आणि कॉलेजातल्या दोन-चार पोरी, यांनी. बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधून ही मंडळी गावोगाव हिंडली. डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सवय क्षणात मोडते, म्हणून लाल कागद. ढाब्यावर गेली, देवळाच्या विश्वस्तांकडे गेली, खळ्यावर रात्रभर हॅलोजन जाळणाऱ्यांकडे गेली. दिवे काढा असं ती कधीच म्हणाली नाहीत. दिव्याचं तोंड खाली करा, वर टोपी बसवा, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा आणि काम झालं की बंद करा, एवढंच. टोप्यासुद्धा यांनीच केल्या, तेलाचे रिकामे डबे कापून. गावाला पटलं. दिव्याखाली अंधार सगळ्यांनीच ऐकलेला. ही पोरं दिव्याच्या वर अंधार मागत होती, आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं, कारण इथवर कोणाचं लक्ष नव्हतं.

मग बातमी आली. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या जंगलाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथे काय केलं? आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली. तिकडे लडाखमध्ये हानलेच्या परिसरात १,०७३ चौरस किलोमीटरचं आकाश राखलंय. तिथले लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात आणि गावातल्या बायका दुर्बिणीतून पाहुण्यांना ग्रह दाखवून चार पैसे कमावतात. यात फीत कापावी असं एकही ठिकाण नाही. पण आमच्याकडे बातमी पोचली ती गाळून गाळून : अंधार बघायला पर्यटक येतात. म्हणजे अंधार हा विकास. विकास म्हटला की फलक आला, फलक आला की फोकस आले.

उद्‌घाटनाला गुरुजींनी अमावास्या सुचवली. ‘अमावास्येला उद्‌घाटन? डोकं ठिकाणावर आहे ना?’ असं उत्तर आलं आणि पौर्णिमा ठरली. अंधाराचा कार्यक्रम दीपप्रज्वलनाने सुरू झाला. समईच्या पाच वाती छायाचित्रात उठत नाहीत म्हणून शेजारी एलईडी पॅनेल धरलं होतं, ते पॅनेल धरणारा दिसत नाही म्हणून हॅलोजन लावला होता, आणि हॅलोजनच्या उजेडात डोळे मिचकावत पाहुण्यांनी वर पाहिलं. ‘मला तर एकही तारा दिसत नाही,’ ते म्हणाले, ‘प्रदूषणाचा याहून मोठा पुरावा कोणता?’ टाळ्या झाल्या.

त्यानंतर गुरुजी फोकस बंद करून घ्यायला कचेरीत गेले.

‘बंद कसे करणार, गुरुजी? दिवे बसवायला लेखाशीर्ष आहे. बंद ठेवायला लेखाशीर्ष नाही.’

‘साहेब, पण बटण आहे ना.’

‘बटणाला हात लावला तर लेखापरीक्षणात येतं. काम पूर्ण झालं पण वापरात नाही, असा शेरा बसतो.’

गुरुजींनी कागद पुढे केले. २०११ ते २०२२ या काळात जगभरातल्या हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे पाहून नोंदी केल्या, एकावन्न हजारांहून जास्त. त्यावरून २०२३ साली हिशेब निघाला की रात्रीचं आकाश दरवर्षी सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळतंय. उपग्रहांना हे नीट कळत नव्हतं, कारण पांढऱ्या एलईडीतला निळा उजेड त्यांना टिपताच येत नाही. आणि हवेत सगळ्यात जास्त विखुरतो तो हाच निळा. जन्मली त्या वर्षी ज्या पोरीला अडीचशे तारे दिसायचे, तिला अठराव्या वर्षी त्याच अंगणातून शंभरच दिसतील.

साहेबांनी कागद शांतपणे वाचला. ‘शंभर पुरत नाहीत?’ त्यांनी विचारलं.

मग सुरक्षिततेचा मुद्दा निघाला. तो निघतोच. उजेड असला की चोर येत नाहीत. खेड्यात सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणतात आणि बाजेमागे तीन चोर लागलेले असतात. ते तिन्ही चोर आमच्या हायमास्टने खरोखरच पळवून लावले, पाठोपाठ बाजही गेली. एवढं यश मान्य करायला हवं. जमिनीवरचे चोर मात्र आहेत तिथे आहेत. सौर दिव्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडून रात्रीच चोरीला जातात, आणि त्या काढताना चोराला स्वतःची बॅटरी आणावी लागत नाही.

बरं, फलकाचं एक वेळ सोडा. पण झाडांचं काय? रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एलईडीच्या माळा आवळून, खिळे ठोकून बांधायच्या आणि त्याला सुशोभीकरण म्हणायचं, हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? झाडाला झोप नको? त्यावर बसणाऱ्या पाखराला नको? सणापुरतं बांधतात आणि मग काढायचं लेखाशीर्ष नसतं, म्हणून त्या माळा बारमाही लुकलुकत राहतात, अर्ध्या जळालेल्या, अर्ध्या चालू. खांबांना गुंडाळलेल्या रंगीत पट्ट्यांची तीच कथा. आणि काजवे! मे सरता सरता, पहिल्या पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत हिरड्या-बेहड्यांवर काजवे चमकतात. अळीपणात महिनोन्‌महिने मातीत काढलेला हा जीव पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो आणि तेवढ्यात त्याला जोडीदार गाठायचा असतो. नर हवेतून खूण करतो, मादी खालून, गवतातून, झुडपातून उत्तर देते. सगळा संसार या एवढ्याशा उजेडावर. त्यावर आम्ही काय करतो? महोत्सव भरवतो. शेकडो गाड्या अप्पर मारत रात्री जंगलात शिरतात, उतरलेली मंडळी मोबाइलचा टॉर्च लावून विचारतात, ‘कुठे आहेत काजवे?’, आणि विचारता विचारता ज्या गवतावर उभी राहतात त्यातच ती उत्तर देणारी मादी चिरडली जाते. वर पुन्हा तक्रार असते की गेल्या वर्षीइतके दिसले नाहीत, पैसे परत द्या. वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजळ क्षितिज दिसेल तिकडे धावतात. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचं होतं. ते तसंच राहावं म्हणून किनाऱ्यावर रात्र-रात्र जागणारी माणसं आहेत. त्यांना फलकावर पासपोर्ट आकाराचीसुद्धा जागा मिळालेली मी पाहिली नाही. लग्नांचं तर विचारूच नका. नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत आहे, आणि मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून शार्पीचे झोत असे गरागरा फिरत असतात की भटजी बोट वर करून ‘ती अरुंधती’ म्हणतात तेव्हा वर ड्रोन असतो. नवरा-नवरी भक्तिभावाने ड्रोनला नमस्कार करतात. तोही खाली वाकून छायाचित्र काढतो.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

फोकसचं पुढे असं झालं की एका रात्री त्यांच्यावर कोणीतरी बारदान टाकलं. ओलं करून, नीट खोचून. त्या रात्री माळावरून आकाशगंगा दिसली म्हणे. मी कोणाचं नाव घेत नाही. दुचाकीच्या ग्रीसचा वास बारदानाला कुठूनही लागू शकतो. सकाळी कचेरीत हलकल्लोळ झाला. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, शिवाय मान्यवरांच्या चेहऱ्यावर अंधार! पंचनामा झाला. बारदान जप्त झालं. गुरुजींना बोलावून ‘तुमच्या पोरांना समजावा’ असं समजावण्यात आलं.

आणि तातडीने सीसीटीव्ही मंजूर झाला, फोकसवर नजर ठेवायला. कॅमेरा आला, बसला. पण कंत्राटदाराने बसवलेल्या मॉडेलला रात्रीचं दिसत नाही, आणि बारदान पडतं ते नेमकं रात्री. तेव्हा कॅमेऱ्यासाठी माळावर सोळा मीटरचा हायमास्ट उभारायचं ठरलं आहे. निविदा निघाली. गुरुजींनी अर्ज केला की निदान या दिव्यांना तरी वरून टोपी बसवा. अर्जावर शेरा आला : टोपीची तरतूद अंदाजपत्रकात आहे, पाहुण्यांसाठी पंचवीस नग, शाल-श्रीफळासह.