कॉइलची सेवा

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची (ई-सिगारेटची) विक्री बंद झाली आणि शौकिनांवर पुन्हा भरायच्या व्हेपच्या देखभालीची पाळी आली. ज्यांनी घरात चहाचा कप कधी विसळला नाही, ते आता द्रवाची टाकी कोमट पाण्याने धुऊन, पुसून वाळत घालतात. द्रव तापवणारी नवी कॉइल बसवताना आधी आतल्या कापसावर द्रवाचे थेंब सोडायचे, मग टाकी भरायची आणि पाच-दहा मिनिटं हात लावायचा नाही. एवढा संयम असता तर सिगारेट केव्हाच सुटली असती! घाई केली की कोरडा कापूस करपतो आणि ठसक्याने डोळ्यांत पाणी येतं. त्यात गोड स्वादांची हौस. जितकं गोड, तितकी कॉइलवर काळी पुटं लवकर चढतात. की पुन्हा नवी कॉइल.

आपल्याकडे सरकारने २०१९च्या ई-सिगारेटबंदीच्या कायद्याने ही कटकटच मिटवली. विक्री केली तर पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती साठवण केली तरी सहा महिन्यांची तजवीज आहे. सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत सुटी मिळते. शेजारी दोरीला लायटरही टांगलेला असतो.