फाइल लाँचने येते आहे

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला लाँचने तासभर लागतो. ओहोटीला गाळामुळे पाणी कमी पडले की लाँच खोळंबते. तरीही उरणला मराठी मजकूर धाडायचा भरवशाचा मार्ग हाच राहिला, याचे श्रेय जुन्या मराठी फाँटना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. ई-मेलने आलेली फाइल उघडावी, तर रोमन अक्षरे, कंस आणि अधिकचिन्हे. ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय,’ असे पलीकडून सांगतात, आणि ते खरेच असते. मग कुणीतरी छापील प्रत पिशवीत घालून धक्का गाठतो.

पूर्वीची स्थिती चिंताजनक होती. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन संगणकसुद्धा सिरियल केबलने जोडले की बोलू लागत. तीन तारा पुरत: दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट जोडायच्या, तिसरी तार ग्राउंडची. दोन्हीकडे वेग ९६०० बॉड ठेवला की सेकंदाला ९६० बाइट पलीकडे. १९९१ साली राष्ट्रीय मानक झालेल्या ‘इस्की’त प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला आपापला क्रमांक होता, खालच्या १२८ जागा इंग्रजीला, वरच्या आपल्या लिप्यांना. पानभर मराठी पत्र दोन-तीन सेकंदांत पोचे. काळजी एवढीच घ्यायची, की केबलवर सात नव्हे, आठ बिट ठेवायचे. सात ठेवले की इंग्रजी शाबूत आणि मराठीचा कचरा. एवढ्याशा खबरदारीवर कुणाचेही पत्र कुणालाही वाचता यावे, हे काही शिस्तीचे लक्षण नव्हे.

ही शिस्त फाँटवाल्यांनी लावली. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठीचे तुकडे बसवले, एका ठिकाणी काना, दुसऱ्या ठिकाणी अर्धा श, आणि प्रत्येकाने मांडणी वेगळी ठेवली. गोपनीयतेसाठी पासवर्डही लागेना. संगणक बदलला की लिहिणाऱ्यालासुद्धा आपला मजकूर वाचता येत नाही, इतकी ही सुरक्षितता पक्की. उरणजवळच्या चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहावर गावातल्या कुणी म्हाताऱ्या माणसांना विचारून, पोटतिडकीने लिहून ठेवले असेल, तर तेही असेच सुरक्षित आहे. ती माणसे आता नाहीत. नातवंडांनी शोधले तरी त्यांच्या आठवणींतला एक शब्द हाती लागणार नाही.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारा युनिकोड आता प्रत्येक फोनमध्ये आहे, फुकट आहे, आणि तो वापरा असे शासनाचे आदेशही आहेत. आदेश अंगाला लावून न घेण्याचा आपल्या कचेऱ्यांचा संयम म्हणूनच अधिक कौतुकास्पद.

पिशवीतली प्रत उरणात पोचते. टायपिस्ट ती पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करतो. दोन-चार आडनावे बदलतात, एका सर्व्हे नंबरातला आकडा गळतो. मग तो फाइल स्वतःकडच्या फाँटमध्ये सेव्ह करतो; तो फाँट ज्यांनी प्रत पाठवली, त्यांच्याकडे नसतो.