उंची वाढवली, जागेचं काय? : सिल्व्हर पार्कातल्या एका थारमालकांस खुले पत्र

रा. रा. उंचावलेल्या थारचे मालक,
सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व) यांसी,



सर्वप्रथम अभिनंदन. आपल्या गाडीला नवे, मोठे टायर बसल्याचं आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. गेटच्या उतारावर आपण स्टिअरिंग पुरतं फिरवलंत आणि पुढच्या चाकाच्या कमानीतून जो ‘खर्रर्र’ आवाज निघाला, तो ए विंगपासून डी विंगपर्यंत पोहोचला. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस इतक्या घरांत आजवर पोहोचलेली नाही.

आपल्या हौसेला आमचा विरोध नाही, हे आधीच नमूद करतो. छपरावर फावडं, पाठीला जेरीकॅन आणि पुढे विंच बांधून माणूस अर्धा लिटर दूध आणायला निघतो, तेव्हा शेजाऱ्यांना आपण कुठल्या दुर्गम मुलखात राहतो याची जाणीव होते. वीस वर्षं आम्ही साध्या चपला घालून त्याच डेअरीत जात होतो. आमच्या जिवावर केवढं बेतलं असतं, या विचाराने आता झोप लागत नाही.

तक्रार आहे ती फक्त त्या आवाजाची. आपण वॉचमनला दिलेलं स्पष्टीकरण आमच्या कानावर आलं : “दोन इंच लिफ्ट केलीय, घासायला नको खरं तर. प्लास्टिक सेट होईल आपोआप.” प्लास्टिक सेट होणार याबद्दल दुमत नाही. रोज थोडं थोडं झिजून रस्त्यावर पडेल, म्हणजे झालंच सेट. पण लिफ्ट केल्यावर घासायला का नको, हे आम्हाला समजलं नाही, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आपल्या महिंद्रा थारला कंपनीने दिलेला टायर २५५/६५ आर१८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची. हिशेब केला तर एकूण व्यास निघतो सुमारे ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. आपण बसवलात २८५/६५ आर१८ : व्यास सुमारे ८२८ मिमी. दुकानदार याला कौतुकाने ‘तेहेतीस’ म्हणतो, पट्टी साडेबत्तीसच दाखवते. व्यासात फरक ३९ मिमी. जमिनीपासून आस वर उचलला जातो तो त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर.

साहेब, हा आकडा जरा डोळ्यांसमोर धरा. आपल्या गाडीचा मागचा आस अखंड आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. दगडाला आधी तोच टेकणार. लिफ्ट किटने गाडीचं अंग आसापासून वर जातं. गोळा होता तिथेच राहतो. त्याला उचलायचं काम फक्त टायर करतो. तेव्हा एवढा खर्च, एवढा आवाज आणि डी विंगच्या आजोबांचा रक्तदाब, हे सगळं त्या गोळ्याला साडेएकोणीस मिमी वर नेण्यासाठी झालं. एका बोटाच्या जाडीइतकं गिर्यारोहण म्हणा ना!

आता घासण्याचा प्रश्न. गाडी समतल जागी सरळ उभी असताना टायर कुठेच घासत नाही, आणि फोटो नेमका तेव्हाच काढतात. घासतो तो दोन वेळी : चाक वळतं तेव्हा आणि चाक दबतं तेव्हा. वळताना टायरचा एक खांदा पुढे बंपरच्या कोपऱ्याकडे झुकतो आणि दुसरा मागे आत जातो, अस्तराच्या प्लास्टिककडे, विशबोनकडे, चासीकडे. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर स्प्रिंग पूर्ण दबली की चाक कमानीत वर चढतं आणि बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन थांबतं. ते रबर जिथे होतं तिथेच असेल, तर लिफ्टच्या आधी चाक जितकं वर जायचं तितकंच लिफ्टनंतरही जाणार. फक्त आता ते चाक मोठं आहे. उभ्या गाडीत दिसणारी ती ऐसपैस फट म्हणजे लग्नातल्या रुखवतातले लाडू आहेत : बघायला भरपूर, पंगतीत वाढायला नाहीत.

आणि आपल्या सोसायटीचं गेट! एक चाक उतारावर चढलेलं, दुसरं खाली लोंबतंय, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग फुल लॉक, कारण समोर मेट्रोचा खांब आणि बाजूला रिक्षा. दबणं आणि वळणं एकाच वेळी. अशी कसोटी बघायला लोक इगतपुरीला महिंद्राच्या ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रात जातात किंवा भर पावसात गोव्याला रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा पाहायला जातात. आपल्याला ती बिल्डरने मोफत दिली आहे.

यावर आपण जे उपाय केलेत त्यांचाही आढावा घेतो. पहिला उपाय स्पेसर, म्हणजे चाकामागे बसवायची जाड चकती. चाक बाहेर सरकलं, आतल्या बाजूचं घासणं थांबलं. पण बाहेर सरकलेलं चाक वळताना मोठी फेरी मारतं, म्हणून आता ते बंपरचा कोपरा खातं. शिवाय चिखल थेट दारांवर उडतो आणि बेअरिंगवर जादा ताण येतो. रोग बरा केला नाही, त्याचा पत्ता बदलला. दुसरा उपाय कटर. मेकॅनिकने अस्तर कापलं, पण कापण्याआधी टायर कुठे टेकतो हे पाहिलं नाही. आवाज येतो तिथून चार बोटं वर कापलं. कमान हवेशीर झाली, आवाज कायम. तिसरा उपाय म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढवणं. हा पहिल्या दोहोंपेक्षा स्वस्त आणि तितकाच गुणकारी.

आमच्यासारख्या पायी चालणाऱ्याने शहाणपण शिकवू नये हे खरं. पण ज्यांच्या गाड्या खरोखर घासत नाहीत अशा मंडळींचा क्रम आपल्या क्रमाच्या नेमका उलटा असतो. ती आधी एकच टायर लावून बघतात. स्प्रिंग काढून जॅकने चाक पार वरपर्यंत नेतात आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. टेकतं कुठे ते कळलं की बंप स्टॉप तेवढा वाढवतात, म्हणजे चाक धोक्याच्या जागेआधीच थांबतं. मग व्हील अलाइनमेंटमध्ये कॅस्टर पाहतात, कारण त्यात चाक जरासं पुढे किंवा मागे सरकतं आणि कधी कधी तेवढ्यानेच भागतं. रिमचा ऑफसेट मिलिमीटरमध्ये निवडतात, चकाकीवरून नाही. अगदीच गरज पडली तर स्टिअरिंगचा स्टॉपर जरा अलीकडे घेतात आणि गाडी आता थोडी मोठी जागा घेऊन वळणार हे मान्य करतात. कटर येतो सगळ्यात शेवटी. आणि पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं असल्यामुळे लिफ्टचाही लोभ आवरतात. फार उचललं की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि मग घासण्याऐवजी ‘कटकट’ ऐकू येते. ब्रेकच्या रबरी नळ्या पुरतात ना, हेही त्याच वेळी बघतात.

मोठ्या टायरचे इतर लाभही आपण घेत आहातच. परीघ सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. मूळ टायरवर काटा अचूक होता असं धरलं, तर आता तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने चाललेली असते. काटा ८० वर होता ही आपली बाजू कॅमेऱ्याला कळत नाही. किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात, म्हणून ‘ॲव्हरेज पडलं’ असं आपण इमारतीच्या लिफ्टमध्ये सांगत होतात ते निम्मं या नोंदीचं आहे; उरलेलं निम्मं त्या टायरच्या वजनाचं आणि चिखलासाठी कोरलेल्या खोबणींचं आहे, ज्या डांबरावर मधमाश्यांसारख्या गुणगुणतात.

कायद्याचं नाव काढलेलं आपल्याला आवडत नाही, पण पत्र खुलं असल्यामुळे टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ अ मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सुनावतं. ‘दर बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा आणि मग खाली जाऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घाला. मोजायला वही न्या. अपघात झाला तर विमा कंपनीही हीच वही मागेल.

इतिहासही आपल्या बाजूने नाही. महिंद्राने मुंबईत माझगावला १९४९ च्या सुमारास विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हा तिचे टायर होते १६ इंची रिमवरचे, जेमतेम ६ इंच रुंद. आपल्या टायरच्या साधारण निम्मे! त्या अरुंद चाकांवर वन खात्याने घाट पालथे घातले. आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी कुणी बाहेर काढली, तर बैलगाडीने. उंच चाक, बारीक धाव, आणि कमान नाहीच, त्यामुळे घासण्याचा प्रश्न मुळातून निकालात.

पण साहेब, एकट्या आपल्याला दोष देणं अन्यायाचं होईल. आपण राहता त्या शहरालाच लिफ्ट किट बसलं आहे. मिरा-भाईंदर रस्त्यावर खाली वाहतूक, तिच्यावर उड्डाणपूल, आणि त्याच खांबांवर आणखी वर मेट्रो ९ चा मार्ग. इमारती सातच्या बावीस मजली होतात. सगळं वर गेलं. खाली वळायची जागा होती तेवढीच राहिली, उलट खांबांनी थोडी खाल्ली. म्हणून सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर संध्याकाळी बस रिक्षाला घासते, रिक्षा दुचाकीला आणि दुचाकी आमच्या पिशवीला. ज्यांनी आराखडा केला त्यांनीही गाडी समतल जागी उभी असतानाच फोटो काढला असावा. चाक वळवून कुणी बघितलं नाही.

फरक एवढाच, की शहराचे खांब आता हलवता येणार नाहीत आणि आपले टायर हलवता येतात. म्हणून निकाल देतो, ऐकावा. कंपनीचा ३१ इंची टायर पुन्हा चढवा. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आणि पाण्यात उतरण्याची क्षमता ६५० मिमी कंपनीने आधीच दिली आहे. मिरा रोडच्या जुलैला ती पुरते. चिखलात जायचंच असेल तर त्याच मापात चांगल्या नक्षीचा टायर मिळतो, आणि कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, तीही फुकट. परत येताना हवा भरायला विसरू नका, म्हणजे झालं. लिफ्ट काढायला मन तयार होत नसेल, तर निदान हेडलाइट खाली वळवून घ्या. गाडीचं नाक वर झाल्यापासून आपला लो बीम पहिल्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात पडतो.

कळावे, लोभ असावा. तो वाढवलात तरी चालेल. लोभ घासत नाही.

आपला शेजारी,
गेटच्या बरोबर वरचा, बी विंग

ता. क. : निर्णय होत नसेल तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता गेटवरच चाचणी घेऊ. कमानीच्या आतल्या प्लास्टिकवर आणि बंपरच्या कोपऱ्यावर खडू फासू, एक चाक उतारावर चढवू, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवू. मग दुसरं चाक चढवून तेच पुन्हा. खडू जिथे पुसला जाईल तिथे टायर टेकतो. खडू मी आणतो. कटर आपण घरी ठेवा.