हवाईनाना

लंडनला पुण्याहून पाहुणे आले, की दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर पॅरिसचा विषय निघतो आणि हवाईनाना सरसावून बसतात. असे एक नाना प्रत्येक मराठी घोळक्यात असतात. आमचे हॅरोला राहतात.

“पॅरिस? हवाई अंतर ३४४ किलोमीटर. विमानाला सव्वा तास, आणि त्यातही धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची वेळ धरलेली. हवेत जेमतेम पाऊण तास! पाण्याचा पेला हातात येतो न येतो, तोच खुर्ची सरळ करा म्हणतात.”

नानांचे आकडे खोटे नसतात, हीच तर पंचाईत. फक्त त्यांची दोरी ट्रॅफल्गर चौकातून आयफेल टॉवरपर्यंत ताणलेली असते आणि विमान काही ट्रॅफल्गर चौकातून उडत नाही. स्वस्तातलं विमान ल्यूटनहून, तेही सकाळी सातचं. ल्यूटन लंडनपासून पन्नासेक किलोमीटर. पण आपले बिल्डर तळेगावला पुणे म्हणतात, त्याच बाणेदारपणे नाना ल्यूटनला लंडन म्हणतात. परिणामी सव्वा तासाच्या प्रवासासाठी पाहुणे मंडळी रात्री तीनला उठतात. तपासणीत लोणच्याची बरणी द्रवपदार्थ ठरते. पलीकडे शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग, मग शहरात जायची गाडी. शिवाय पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे. आयफेल टॉवर दिसेपर्यंत पोटात कावळे कोकलत असतात. हा सगळा वेळ नानांच्या हिशेबात नसतो. “तो प्रवास नाही हो, ती तयारी!”

नानी मात्र मुकाट्याने युरोस्टार रेल्वेचं तिकीट काढतात. सेंट पॅन्क्रस स्टेशनवर फ्रेंच पोलीस लंडनमध्येच पासपोर्ट बघून घेतात. मग डबा उघडायचा, पोळीभाजी खायची, पन्नास किलोमीटरच्या बोगद्यात डुलकी काढायची आणि सव्वादोन तासांनी भर पॅरिसात, गार द्यु नॉरला उतरायचं. १९९४ पासून ही रेल्वे धावते आहे. नानांना ती अजून पटलेली नाही.

“रेल्वेनं जवळजवळ पाचशे किलोमीटर पडतं!” ते कळवळून सांगतात. “दीडशे किलोमीटर फुकट!” जणू तेवढं पेट्रोल नानांच्या खिशातून जाणार आहे.

पाहुण्यांतले दमलेले भाऊजी विमानाचं परतीचं तिकीट पुढे करून कुरकुरले, तर नाना त्यातल्या वेळांवर बोट ठेवतात. पॅरिसहून सुटणार नऊला, लंडनला पोचणार सव्वानऊला. घड्याळं आता त्यांच्या बाजूने असतात.

“पंधरा मिनिटं! तुम्ही पुण्यात स्वारगेटहून डेक्कनला पंधरा मिनिटांत पोचून दाखवा.”

यावर मात्र भाऊजींना काही बोलता येत नाही.